सनचा ‘लाइफ मेटल’ विनाइलवर : काही महिन्यांच्या वापरानंतर

आधी निकाल सांगून टाकतो. दोन तबकड्या, चार बाजू. त्यातल्या तीन बाजू उत्तम. चौथी संगीत म्हणून सगळ्यात सरस आणि तबकडी म्हणून सगळ्यात त्रासदायक. पैसे वाया गेले असं वाटत नाही, पण ही रेकॉर्ड घरात एकटी येत नाही. खोली, स्पीकर, टेबल, खिडकीची तावदानं, शेजारी, सगळ्यांची फेरमांडणी करायला लावते. म्हणून पुढचं बरंचसं लिखाण अल्बमइतकंच खोलीबद्दल आहे.

हा प्रकार नवा असेल त्यांच्यासाठी थोडी ओळख. सन म्हणजे स्टीफन ओमॅली आणि ग्रेग अँडरसन हे दोन अमेरिकन गिटारवाले. नावापुढे छापलेलं वर्तुळ आणि तीन कंस बोलताना सोडून द्यायचे. सगळं उचललंय सन याच नावाच्या जुन्या अँप्लिफायरच्या बोधचिन्हावरून. या वाटेने आधी गेलेला बँड म्हणजे ‘अर्थ’. त्यांच्या 1993 च्या ‘अर्थ 2’मध्ये सव्वा तासाच्या आसपास वेळात फक्त तीन तुकडे आहेत. सनने तोच धागा पकडून स्वतःचं दुकान थाटलं. यात ड्रमर नसतो, ठेका नसतो. दोन-तीन स्वर एकत्र छेडायचे, ते विझत जातात ते ऐकत राहायचं, मग पुढचे छेडायचे. ज्यांना गाणं ‘पुढे सरकायला’ हवं असतं त्यांनी इथेच थांबावं. हे गाणं सरकत नाही.

‘लाइफ मेटल’ एप्रिल 2019 मध्ये आला. ध्वनिमुद्रण त्याच्या आदल्या वर्षी शिकागोच्या इलेक्ट्रिकल ऑडिओ स्टुडिओत स्टीव्ह अल्बिनी यांनी केलं. अल्बिनी 2024 मध्ये गेले. ते स्वतःला प्रोड्यूसर म्हणवून घेत नसत, ‘ध्वनिमुद्रण यांनी केले’ एवढंच श्रेय पुरे म्हणायचे आणि रॉयल्टी घेत नसत. बँड खोलीत जसा वाजतो तसा टेपवर उतरवायचा, ही त्यांची पद्धत. सनच्या 2009 च्या ‘मोनोलिथ्स अँड डायमेन्शन्स’मध्ये गायकवृंद आणि फुंकवाद्यांचा मोठा पसारा होता. इथे तो आवरून मध्यभागी पुन्हा गिटारी आणल्यात, आणि त्यांच्याभोवतीची हवासुद्धा ऐकू येते.

मुद्रण टेपवर, मिश्रण टेपवर, आणि तबकडीचं मास्टरिंगही (कोरण्याआधीची शेवटची तयारी) टेपवरूनच लंडनमध्ये मॅट कोल्टन यांनी केलेलं. मधे डिजिटल पायरी नाही. अनेकांनी फक्त एवढ्यासाठी ही रेकॉर्ड घेतली असेल. माझ्यात तो भक्तिभाव नाही. ‘अॅनालॉगची ऊब’ वगैरे वाचलं की मी पान उलटतो. खर्जाच्या टोकाला चांगली डिजिटल फाइल तबकडीला सहज मागे टाकते. मी विनाइल घेतलं त्याचं कारण साधं होतं : चार तुकडे आणि चार बाजू. एका बाजूला एकच तुकडा. तो संपला की सुई उचलली जाते आणि खोलीत शांतता होते. स्ट्रीमिंगवर एक संपता संपता दुसरा अंगावर येतो, आणि या संगीतात ते फार जाचतं.

या चार बाजू सारख्या लांबीच्या मात्र नाहीत, आणि सगळी गंमत तिथेच आहे. पहिली, ‘बिट्वीन स्लाइप्निर्स ब्रेथ्स’, साडेबारा मिनिटांची. दुसरी, ‘ट्रबल्ड एअर’, बारापेक्षाही थोडी कमी. तिसरी, ‘अरोरा’, एकोणीस. चौथी, ‘नोव्हे’, पंचवीस मिनिटांच्या वर. खर्ज जितका जोरात कोरावा तितकी खाच जास्त वळवळते आणि शेजारच्या खाचेपासून तिला जास्त अंतर लागतं. बारा मिनिटांच्या बाजूवर जागा ऐसपैस असते, त्यामुळे आवाज भरघोस कोरता येतो. पंचवीस मिनिटं बसवायची तर आवाज उतरवावाच लागतो. परिणाम असा की चौथ्या बाजूला व्हॉल्यूम वाढवावा लागतो, आणि त्याबरोबर तबकडीची खरखरही वाढते. त्यातून बाजू लेबलच्या जवळपर्यंत जाते. बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे 51 सेंटिमीटर खाच सरकते, लेबलजवळ जेमतेम 21. वरच्या पट्टीतला तपशील तिथे मावेनासा होतो. ‘नोव्हे’च्या शेवटच्या काही मिनिटांत गिटारची धार बोथट वाटते ती त्यामुळे. फाइलवर तीच मिनिटं स्वच्छ आहेत. यात कोणाची चूक नाही, तबकडीचं माप तेवढंच आहे. पण घेण्याआधी माहीत असलेलं बरं.

आणि नेमकं तेच सर्वोत्तम काम आहे, याची चुटपुट लागते. ‘नोव्हे’त हिल्डुर गुड्नाडोटिर हाल्डोरोफोन वाजवतात. (‘जोकर’च्या पार्श्वसंगीतासाठी ऑस्कर मिळालेल्या त्याच.) हे आइसलँडच्या हाल्डोर उल्फार्सन यांनी घडवलेलं चेलोसारखं वाद्य. तारांचा आवाज पिकअपने (तारांची थरथर विजेत बदलणाऱ्या भागाने) उचलून वाद्यातच बसवलेल्या स्पीकरमधून पुन्हा तारांवर सोडला जातो, आणि तारा आपल्याच आवाजाने थरथरत राहतात. गज चालला नाही तरी वाद्य गात राहतं. गिटारी मागे सरून हे वाद्य एकटं उरतं तेव्हा धुळीचा एक कणही ‘टक्’ करून बोलतो. ही बाजू लावण्याआधी ब्रश फिरवायचा आळस करू नका.

आता खोलीकडे. गिटारची सगळ्यात जाड तार एरवी ‘ई’ स्वराला, म्हणजे 82 हर्ट्झच्या आसपास लावतात. हे लोक ती ‘ए’पर्यंत, 55 हर्ट्झला उतरवतात. त्या स्वराची लहर हवेत सव्वासहा मीटर लांब असते, अर्धी लहर सव्वातीन मीटरला थोडी कमी. माझ्या खोलीची रुंदी जवळपास तेवढीच, दहा फुटांच्या किंचित वर. समोरासमोरच्या दोन भिंतींत अशी लहर अडकली की भिंतीलगत ती फुगते आणि बरोबर मधोमध जवळजवळ नाहीशी होते. पहिल्या दिवसांत मला ही रेकॉर्ड पोकळ वाटायची. गिटारचा चर्र आवाज भरपूर, पण बूड नाही. खुर्ची खोलीच्या मध्यावर होती. ती दोन फूट मागच्या भिंतीकडे, तिथून थोडी बाजूला सरकवली आणि तो ‘ए’ पोटात उतरला. दारापाशी उभं राहिलं तर इतका की दाराची कडी वाजते. स्पीकर बदलायचा विचार करणाऱ्यांनी आधी खुर्ची सरकवून बघा, फुकट आहे.

दुसरी गोष्ट स्वरांची, आणि इथे आपल्या कानांना फायदा आहे. यांचा पॉवर कॉर्ड म्हणजे सरळ सा आणि प. 55 आणि 82.5. अँपमध्ये आवाज इतका ताणला जातो की लहरीचे शेंडे छाटले जातात, आणि मग मूळ स्वरांच्या वजाबाक्या-बेरजा होऊन नवे स्वर उभे राहतात. वजाबाकी 27.5 : एक सप्तक खालचा सा, जो कोणी वाजवलेलाच नाही. बेरीज 137.5 : म्हणजे शुद्ध गंधार. चांगल्या जुळलेल्या तंबोऱ्यात खर्जातून स्वयंभू गंधार ऐकू येतो म्हणतात, तो इथे वेगळ्या वाटेने पण त्याच घरी पोचतो. जवारी लागलेल्या तारेत जसे वरचे स्वर फुलतात तसेच या कॉर्डच्या शेपटीत एकेक करून पुढे येतात. ‘अरोरा’च्या संथ भागांत हे सगळ्यात स्वच्छ ऐकू येतं. अमेरिकेतल्या या वळणाच्या संगीताची एक मुळी आपल्याकडेच येते हेही सांगायला हवं. किराणा घराण्याचे पंडित प्राणनाथ 1970 मध्ये न्यूयॉर्कला गेले आणि ला माँटे यंग, मेरियन झझीला, टेरी रायली हे तिथले प्रयोगशील कलावंत त्यांचे शागीर्द झाले. सनमध्ये मी राग शोधत नाही, तो नाहीच. पण एका षड्जावर अर्धा तास बसायची सवय असलेल्या श्रोत्याला हे संगीत परकं वाटू नये.

टर्नटेबल कुठे ठेवायचं याकडे वळतो, कारण खरा त्रास तिथे होतो. स्पीकर आणि टर्नटेबल एकाच फळीवर असतील तर ही रेकॉर्ड ते खपवून घेत नाही. स्पीकरचा खर्ज फळीतून टर्नटेबलमध्ये, तिथून सुईत, सुईतून अँपमध्ये आणि पुन्हा स्पीकरमध्ये. घुमारा वाढतच जातो. गिटार अँपसमोर धरून यांनी जे मुद्दाम केलंय तेच तुमची फळी परस्पर करायला लागते, आणि यातलं बँडचं किती आणि फर्निचरचं किती हे कळेनासं होतं. तपासायची सोपी युक्ती : तबकडी फिरू न देता तिच्यावर सुई टेकवा आणि व्हॉल्यूम हळूहळू वाढवा. गुंजन सुरू झालं तर दोष जागेचा. मी टर्नटेबल वेगळ्या, भिंतीत ठोकलेल्या फळीवर नेलं आणि वाजवताना वरचं झाकण काढून ठेवायला लागलो. झाकणही पडद्यासारखं आवाज पकडतं. फरक ताबडतोब पडला.

फोनो प्रीअँपला (सुईकडून येणारा क्षीण आवाज वाढवणारा डबा) रंबल फिल्टर, म्हणजे अगदी खालचा आवाज कापणारी सोय, असेल तर ती चालू ठेवा. कोरताना खर्ज दाबलेला असतो आणि वाजवताना प्रीअँप तो परत चढवतो. त्या भरात मोटरची घरघर आणि तबकडीचा बाकही चढतो. ऐकू काही येत नाही, पण स्पीकरचा कोन आतबाहेर हेलकावे खाताना डोळ्यांना दिसतो. साधारण 20 हर्ट्झच्या खालचं कापलं तर या अल्बमचं काही बिघडत नाही. त्या न वाजवलेल्या सा लाही धक्का लागत नाही. सुईचं वजन मी कार्ट्रिजच्या (सुई बसवलेल्या भागाच्या) कंपनीने दिलेल्या मर्यादेत वरच्या अंगाला ठेवलं. हलक्या वजनावर पहिल्या बाजूच्या जड भागात आवाज फाटल्यासारखा व्हायचा.

आवाज किती ठेवायचा? हळू लावलं तर हा अल्बम फ्रिजच्या घरघरीसारखा होतो, हे खरंच. पण जोरात लावताना मोबाइलवरच्या डेसिबल अॅपवर विसंबू नका. अशी अॅप बहुतेक वेळा ‘ए’ भारांकनाने मोजतात (वरच्या ‘ए’ स्वराशी याचा संबंध नाही; कानाला खर्ज कमी ऐकू येतो हे धरून मोजायची ही पद्धत), आणि त्यात 55 हर्ट्झचा स्वर सुमारे 28 डेसिबल कमी धरला जातो. आकडा साळसूद दिसतो, भिंत मात्र हलत असते. कानात शिटी उरली तर त्या दिवशी पुरे. शेजाऱ्यांशी मी वेळ ठरवून घेतली आहे. वरच्या पट्टीतलं सगळं भिंत अडवते, खर्ज तेवढा पलीकडे जातो, आणि पलीकडच्या माणसाला नुसती धमक ऐकू येते. त्याच्या वाट्याला संगीत येतच नाही, म्हणून त्याची तक्रार रास्त असते. हेडफोनवर तपशील जास्त कळतो, पण अंगाला काही जाणवत नाही. मग निम्मी गोष्ट गेली.

इतक्या महिन्यांनी काय टिकलं? पहिल्या बाजूची सुरुवात घोड्याच्या खिंकाळीने होते (स्लाइप्निर हा नॉर्स पुराणातला आठ पायांचा घोडा). पहिल्यांदा अंगावर काटा आला होता, आता मी सुई जरा पुढेच टेकवतो. हिल्डुर यांचा आवाज त्याच तुकड्यात येतो आणि तो अजून शिळा झालेला नाही. गिटारींच्या भिंतीवर इतका पातळ, निर्विकार स्वर ठेवायची कल्पना धाडसी आहे. ‘अरोरा’ कौतुकाने ऐकतो, ओढीने नाही. सगळ्यात जास्त वेळा लागते ती दुसरी बाजू. ‘ट्रबल्ड एअर’मध्ये अँथनी पातेरास यांचा पाइप ऑर्गन गिटारीच्या पोटातून असा वर येतो की तो नेमका कधी सुरू झाला हे मला अजून पकडता आलेलं नाही. त्यातून बारा मिनिटांच्या आत संपतं, म्हणजे कामाच्या दिवशीही जमतं. समँथा कीली स्मिथ यांची चित्रं वेष्टनावर आहेत, मोठ्या आकारात बघायला सुंदर. काळ्या झग्यांत, धुरात उभं राहणाऱ्या बँडला इतके रंग शोभतील असं वाटलं नव्हतं.

सन पहिल्यांदाच ऐकणाऱ्याने थेट ही जोडी विकत घ्यावी का? आधी फाइलवर ‘ट्रबल्ड एअर’ पूर्ण ऐका, मधे फोन न बघता. पाचव्या मिनिटाला कंटाळा आला तर विनाइलने तो जाणार नाही. आवडलं, पण दोन तबकड्या उलथपालथ करणं नको असेल, तर त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आलेला ‘पायरोक्लास्ट्स’ बघा. याच मुद्रणाच्या दिवसांत सगळे वादक रोज एकत्र बसून एका स्वराभोवती बारा मिनिटांचा रियाज करायचे, त्यातलेच चार तुकडे त्यात आहेत. एकेक जेमतेम अकरा मिनिटांचा. तो मी अजून फाइलवरच ऐकतोय. विनाइलवर घेईन तेव्हा बहुधा वापरलेली प्रतच बघेन.