रिमोटच्या बटणांना लावायचा कार्बनचा लेप: पाच महिने वापरल्यावर

बाबांना कमी ऐकू येतं, त्यामुळे आमच्या टीव्हीच्या रिमोटवर सगळ्यात जास्त दाबलं जातं ते आवाज वाढवायचं बटण. तेच आधी गेलं. बाबा एका अंगठ्यावर दुसरा ठेवून जोर लावायचे, तरी आवाज हलायचा नाही. पर्यायी रिमोट आणून पाहिला, पण त्याच्या बटणांच्या जागा वेगळ्या, आणि बाबा तर न बघता बोटाने चाचपून बटण शोधतात. मग जुनाच दुरुस्त करायचं ठरवलं आणि रबरी बटणांसाठी मिळणारं लेपाचं किट मागवलं. एका बाटलीत कार्बन घातलेला, वीज वाहून नेणारा काळा सिलिकॉनचा लेप, दुसरीत थिनर, सोबत लावायला बारीक काड्या.

किट फोडण्याआधी सेल बदलले. मग रिमोट फोनच्या पुढच्या कॅमेऱ्यासमोर धरला. रिमोट टीव्हीला इशारा देतो तो इन्फ्रारेड प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, पण या कॅमेऱ्यात बहुतेकदा दिसतं. बाकीची बटणं दाबली की टोकाचा दिवा जांभळट लुकलुकायचा, आवाजाच्या बटणाला मात्र काहीच नाही. म्हणजे दिवा ठीक, सेल ठीक, दोष बटणातच.

एक स्क्रू सेलच्या खोबणीत होता. बाकी सगळं खाचांवर बसवलेलं. स्क्रूड्रायव्हरने कडा तुटतात, म्हणून जुनं प्लॅस्टिक कार्ड फिरवून उघडलं. आत रबरी चादर तेलकट ओली दिसत होती. काही सांडलं नव्हतं. रबरातलंच सिलिकॉनचं तेल वर्षानुवर्षं झिरपत राहतं आणि सर्किटवर पातळ थर धरतं. प्रत्येक बटणाच्या पोटाशी कार्बनची काळी टिकली असते. बटण दाबलं की ती सर्किटवरच्या एकमेकींत गुंतलेल्या दोन रेघा जोडते. मधे तेल आलं किंवा टिकली झिजली की जोड लागत नाही.

आयसोप्रोपिल अल्कोहोलने सर्किट हलक्या हाताने पुसलं. रेघा कार्बनच्या असतील तर खरवडायच्या नाहीत, त्या निघून येतात. चादर साबणाच्या कोमट पाण्याने धुऊन रात्रभर वाळवली. एवढ्यानेच अडखळणारी चार बटणं सुरळीत झाली, त्यांना लेप लागलाच नाही. म्हणून म्हणते, आधी धुऊन बघा.

मग मल्टिमीटरने विजेला होणारा अडथळा मोजला; तो जितका कमी, तितका जोड चांगला. आवाजाच्या टिकलीवर सुया जवळजवळ टेकवल्या तर ९ किलोओहमच्या (९००० ओहम) वर आकडा. शेजारची टिकली दोनशे ओहमच्या आत. इथे लेप हवाच होता. पहिला थर मी जाड दिला, ती माझी चूक. वरून सुकला, आतून चिकट राहिला, आणि बटण दाबलं की वर यायलाच मागेना. तो थिनरने काढून काडीच्या टोकाएवढा पातळ लावला आणि पूर्ण चोवीस तास हात लावला नाही. नंतर मोजलं तर तीनशेच्या आसपास. लेप फक्त टिकलीला लावायचा, सर्किटला अजिबात नाही. दोन रेघा त्याने जोडल्या गेल्या तर रिमोटला बटण कायम दाबलेलंच वाटतं आणि सेल उतरत राहतात.

आधी मी टिकलीवर ॲल्युमिनियम फॉइलचा तुकडा चिकटवून पाहिला होता. महिनाभरात तो सुटला, आणि सुटताना त्याची कड रेघांवर घासली. तो उपाय मी कुणाला सांगणार नाही.

पाच महिने झाले, बाबा रोज वापरतात, अंगठा नुसता टेकवला तरी आवाज वाढतो. पैसे वसूल आहेत.

तक्रारी दोन. थिनरचा वास फार उग्र आहे, खिडक्या उघड्या ठेवाव्या लागतात, आणि सूचनांच्या कागदावर याचा उल्लेखही नाही. दुसरी, एकदा उघडलेली बाटली टिकत नाही. दोन महिन्यांनी एसीच्या रिमोटसाठी काढली तर लेप आत दगडासारखा झालेला. किट आणाल तेव्हा घरातले सगळे अडलेले रिमोट त्याच दिवशी उघडा.