आधी मार्क वाचावा की योहान?

येशू कोण, हे पहिल्या ख्रिस्ती लोकांना कसं उमगत गेलं ते जाणून घ्यायचंय, पण सुरुवात कुठून करू, असं एका मैत्रिणीने विचारलं.

मार्क आणि योहान ही बायबलमधली येशूची दोन चरित्रं, म्हणजे शुभवर्तमानं. काळ पाहिला तर मार्क जुना, इ.स. ७०च्या आसपासचा; योहान बहुधा ९० नंतरचा. मार्कमध्ये ओळख हळूहळू उलगडते. शिष्य पेत्र ‘तू ख्रिस्त आहेस’ (म्हणजे देवाने निवडलेला तारणारा) म्हणतो, तर येशू गप्प राहायला बजावतो. ‘देवाचा पुत्र’ ही माणसाच्या तोंडची कबुली येते थेट वधस्तंभापाशी, तीही रोमी शताधिपतीकडून! योहान पहिल्याच ओळीत सांगून टाकतो: शब्द (म्हणजे येशू) देव होता. पण हा विचार उशिराचाच, असं मात्र मानू नका. आद्य ख्रिस्ती प्रचारक पौलाच्या फिलिप्पैकरांना लिहिलेल्या पत्रात, मार्कच्याही आधी, देवाच्या स्वरूपाचा ख्रिस्त आहेच.

मार्कचे १६ अध्याय एका बैठकीत होतात. योहान सावकाश.

शिष्यांची घालमेल अनुभवायची असेल तर मार्क. ३२५ सालच्या निकाया इथल्या धर्मपरिषदेतला, येशू पित्यासारखाच देव आहे का हा वाद समजून घ्यायचा असेल तर योहान.