डेटिंग शोनंतर येणारं गरब्याचं आमंत्रण

टीव्हीवरच्या डेटिंग शोमधून बाहेर पडलेली मुलं-मुली वडोदऱ्याला परततात तेव्हा फॉलोअर्स भरपूर असतात, हाताला काम नसतं. ठग याच दिवसांत गाठतात. नवरात्राच्या तोंडावर तर हमखास.

मेसेज कुणा 'सेलिब्रिटी मॅनेजर'चा असतो. मोठ्या गरब्यात एका रात्रीची हजेरी, मानधन दीड लाख. पाठोपाठ शिक्का मारलेलं करारपत्र. मग फोन येतो: १८ टक्के जीएसटीचे २७ हजार आधी भरा, मानधनासोबत परत मिळतील.

हे साफ खोटं आहे. जीएसटी लागू असेल तर तो कलाकार आपल्या बिलात लावतो आणि आयोजक मानधनावर वेगळा देतो. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर साधारणपणे नोंदणीचीही गरज नसते. टीडीएस, म्हणजे आयोजकाने कापून सरकारकडे भरायचा कर, मानधनातूनच कापला जातो आणि आपल्या पॅनवर, आयकर खात्याच्या नोंदीत दिसतो. कुठलाच कर कलाकाराने आयोजकाकडे आगाऊ भरायचा नसतो.

२७ हजार गेले की 'सिक्युरिटी डिपॉझिट' निघतं, मग 'आर्टिस्ट कार्ड'. अडकलेले पैसे सुटतील या आशेने माणूस भरत राहतो.

पण खरा घात करतं ते एक वाक्य: "चॅनलला कळू देऊ नका." अशा शोच्या करारात बरेचदा ठरावीक काळ परवानगीशिवाय बाहेरचं काम घेऊ नये असं कलम असतं, आणि ठगाला ते ठाऊक असतं. त्या धाकाने मुलगी चॅनलला विचारत नाही. घरी "टीव्हीवर हे काय केलंस" म्हणून आधीच अबोला, त्यामुळे आईबाबांनाही सांगत नाही. वडोदऱ्याच्या दांडिया बाजार, रावपुऱ्यातल्या आईबाबांना कळकळीची विनंती: शो पटला नसेल, तरी पैशांबद्दल तिला तुमच्याशी बोलता आलं पाहिजे.

शोचा करार वकिलाकडून वाचून घ्या. आमंत्रण आलं तर मेसेजमधल्या नंबरवर खात्री करू नका. आयोजकांच्या ऑफिसात जा, गावातच तर आहे. पैसे मिळण्यासाठी यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही. इन्स्टाग्रामची निळी खूण मिळवून देतो म्हणत लॉगिनचा कोड मागणाऱ्याला तो दिला, तर अकाउंटच हातचं जातं.

पैसे गेलेच तर त्याच क्षणी सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, १९३० वर फोन करा. रक्कम पुढच्या खात्यांत सरकण्याआधी कळलं तर ती गोठवता येण्याची शक्यता जास्त असते. यूपीआय व्यवहाराचा १२ अंकी यूटीआर, म्हणजे त्या व्यवहाराचा ओळख क्रमांक, जवळ ठेवा. नंतर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. लाजेपोटी चॅट पुसून टाकू नका. पोलीस आधी तेच मागतात.