पक्ष कुणाचा हे ठरवून देणारी सेवा : निवडणूक आयोगाच्या परिच्छेद १५ चे परीक्षण

राजकीय पक्ष फुटला की कोण कुणाला काय म्हणाले याची चर्चा महिनोन्महिने चालते. मात्र पक्षाचे नाव आणि चिन्ह कुणाकडे जाणार हा प्रश्न शेवटी ज्या यंत्रणेपुढे येतो, तिच्या कामाची पारख सहसा होत नाही. निवडणूक चिन्हे (आरक्षण व वाटप) आदेश, १९६८ मधील परिच्छेद १५ नुसार मान्यताप्राप्त पक्षातील भांडणाऱ्या गटांचे म्हणणे ऐकून त्यांपैकी कोणता गट म्हणजे तो पक्ष, किंवा कोणताच नव्हे, हे भारत निवडणूक आयोग ठरवतो. ही सार्वजनिक पैशावर चालणारी सेवा आहे आणि तिचा परिणाम कोट्यवधी मतदारांवर होतो, म्हणून तिचे परीक्षण करावेसे वाटले. माझे मत आधीच नोंदवतो : वादाचा निकाल लावण्याचे काम ही सेवा पार पाडते, पण पक्षात खरा अधिकार कुणाचा होता याचा शोध घेण्यात ती उणी पडते, आणि त्या उणिवेचे मूळ भांडण सुरू होण्याच्या कितीतरी आधी रुजलेले असते. पाचपैकी अडीच गुण.

या सेवेची पहिली मोठी कसोटी काँग्रेसच्या फुटीत लागली. १९६९ च्या राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत नीलम संजीव रेड्डी पक्षाचे अधिकृत उमेदवार असतानाही पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी सदसद्विवेकबुद्धीने मतदान करण्याची भूमिका घेतली आणि व्ही. व्ही. गिरी निवडून आले. पक्षाध्यक्ष निजलिंगप्पा यांच्याकडे शिस्तभंगाची कारवाई करण्याचा अधिकार होता आणि नोव्हेंबरमध्ये त्यांनी तो वापरून इंदिरा गांधींची हकालपट्टीही केली. परंतु बहुसंख्य खासदार पंतप्रधानांबरोबरच राहिल्यामुळे अध्यक्षपदाचा तो अधिकार कागदावरच उरला असल्याचे त्या कारवाईनेच दाखवून दिले. आयोगाने जानेवारी १९७१ मध्ये इंदिरा गांधींच्या बाजूच्या, जगजीवनराम यांच्या अध्यक्षतेखालील गटाला मूळ काँग्रेस ठरवले. या निर्णयात संसद आणि विधिमंडळांतील सदस्यांबरोबरच अखिल भारतीय काँग्रेस समितीचे सदस्य आणि प्रतिनिधी कोणत्या बाजूला आहेत हेही पाहिले गेले, आणि या निर्णयाला आव्हान देणाऱ्या सादिक अली प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर १९७१ मध्ये बहुमताची ही कसोटी उचलून धरली. लोकप्रतिनिधी आणि संघटना अशी दुहेरी मोजणी शक्य झाली ती केवळ संघटनेतील समित्या अस्तित्वात होत्या आणि त्यांची सदस्यसंख्या निश्चित करता येत होती म्हणून. आयोगाच्या कामाचा हा नमुना मला अजूनही सर्वांत सरस वाटतो, जरी न्यायालयीन स्थगितीमुळे १९७१ च्या लोकसभा निवडणुकीत बैलजोडी हे पक्षाचे मूळ चिन्ह कुणालाच मिळाले नाही आणि एका गटाला गाय-वासरू तर दुसऱ्याला चरखा घेऊन लोकांपुढे जावे लागले.

शिवसेनेच्या प्रकरणात हा नमुना टिकला नाही. जून २०२२ मधील बंडानंतर प्रकरण आयोगापुढे आले. अंधेरी पूर्वच्या पोटनिवडणुकीआधी, ऑक्टोबरमध्ये, धनुष्यबाण गोठवून दोन्ही गटांना तात्पुरती नावे आणि चिन्हे देण्यात आली, आणि १७ फेब्रुवारी २०२३ रोजी पक्षाचे नाव व चिन्ह एकनाथ शिंदे यांच्या गटाला मिळाले. आदेशातील हिशेब बारकाईने वाचण्याजोगा आहे. २०१९ मध्ये निवडून आलेल्या ५५ आमदारांपैकी ४० शिंदे यांच्यासोबत होते आणि विजयी आमदारांना मिळालेल्या एकूण मतांपैकी सुमारे ७६ टक्के मते या ४० जणांची होती. मात्र त्या निवडणुकीत शिवसेनेच्या सर्व उमेदवारांना मिळून ९० लाखांहून अधिक मते पडली होती, आणि त्या एकूण मतांशी तुलना केली तर या ४० आमदारांचा वाटा ४० टक्क्यांच्या आसपास येतो, तर उरलेल्या १५ जणांचा १२ टक्क्यांच्या आसपास. याचा अर्थ पक्षाला मत देणाऱ्यांपैकी जवळजवळ निम्म्या लोकांचा उमेदवार हरला होता आणि निकालाच्या पारड्यात त्यांच्या मताला वजनच मिळाले नाही. धनुष्यबाणावर शिक्का मारूनही ज्यांचा आमदार झाला नाही, ते पक्षाचे कुणीच नव्हते का? हा प्रश्न दोन्ही गटांपैकी कुणाची बाजू न घेताही विचारता येतो आणि तो विचारला गेलाच पाहिजे.

संघटनेची मोजणी का झाली नाही, याचे आयोगाने दिलेले उत्तर मात्र पक्षांनी अंतर्मुख होऊन वाचावे असे आहे. कार्यकर्त्यांनी भरून दिलेल्या शपथपत्रांचे गठ्ठे दिल्लीला पोहोचले, तरी निर्णय त्यांवर आधारता आला नाही, कारण ताडून पाहायला भांडणाआधीची विश्वासार्ह सदस्यनोंदणी किंवा निवडणुकीने आलेली पदाधिकाऱ्यांची साखळी समोर नव्हती. आयोगाच्या म्हणण्यानुसार १९९९ साली त्याच्याच आग्रहावरून पक्षघटनेत आणलेल्या लोकशाही तरतुदी २०१८ मधील बदलांनी काढून टाकल्या गेल्या, आणि ते बदल आयोगाच्या दप्तरी पोहोचलेलेच नव्हते. वरून नेमलेल्या पदाधिकाऱ्यांवर उभी असलेली संघटना नेत्याचा शब्द चालतो तोवर भक्कम दिसते. तो शब्द आमदारांनी ऐकेनासा केला की शाखाप्रमुखापासून वरपर्यंत कुणाकडेच स्वतंत्र जनादेश उरत नाही. म्हणूनच शेवटी मोजण्यासारखे उरतात ते फक्त आमदार आणि खासदार.

इथे आयोगाला मी पूर्ण दोष देत नाही, पण पूर्ण मोकळेही सोडत नाही. पक्षाची नोंदणी लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम २९ क नुसार आयोगच करतो. पक्षघटनेतील बदल कळवले गेले नाहीत हे आयोगाला भांडण दारात आल्यावर उमगत असेल, तर शांततेच्या काळात नोंदवही कोण तपासत होते? सर्व पक्षांनी आपली घटना, पदाधिकाऱ्यांची यादी आणि अंतर्गत निवडणुकांची माहिती संकेतस्थळावर ठेवावी, असे फेब्रुवारी २०२३ च्या आदेशात सुचवले आहे. सूचना अत्यंत योग्य आहे, पण ती सल्ल्याच्या स्वरूपात आहे आणि न पाळणाऱ्या पक्षाचे त्यामुळे काहीच बिघडत नाही.

त्यानंतर ११ मे २०२३ रोजी शिवसेनेच्याच वादात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने प्रतोद (सभागृहात पक्षाचा आदेश बजावणारा सदस्य) नेमण्याचा अधिकार विधिमंडळ पक्षाचा नसून राजकीय पक्षाचा आहे असे स्पष्ट केले, आणि चिन्हाच्या वादात केवळ सभागृहातील बहुमतावर विसंबण्याऐवजी इतर कसोट्याही लावता येतात हे सांगितले. तरीही राष्ट्रवादी काँग्रेसच्या वादात, ६ फेब्रुवारी २०२४ च्या निर्णयात, पक्षघटना आणि संघटनात्मक बहुमत यांच्या कसोट्या निरुपयोगी ठरून विधिमंडळातील संख्याबळावरच अजित पवार यांच्या गटाला घड्याळ मिळाले. न्यायालयाने दार उघडले, पण त्यातून आत जाण्यासाठी लागणारी कागदपत्रे याही पक्षाकडे नव्हती.

वेळेच्या बाबतीत अनुभव संमिश्र आहे. जानेवारी २०१७ मध्ये समाजवादी पक्षाच्या सायकलचा निर्णय वाद आयोगाकडे गेल्यावर काही दिवसांतच, उत्तर प्रदेशातील मतदानाआधी, अखिलेश यादव यांच्या बाजूने लागला, त्यामुळे मतदारांचा गोंधळ टळला. महाराष्ट्रातील दोन्ही प्रकरणांना साधारण सात-सात महिने लागले. शिवसेनेच्या निकालाला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले, पण त्याचा अंतिम निर्णय लागण्यापूर्वीच २०२४ ची लोकसभा आणि विधानसभा निवडणूक होऊन गेली. चिन्ह एकदा दोन निवडणुका एका गटाकडे राहिले की पुढे लागणाऱ्या निकालाचा व्यावहारिक अर्थ बराचसा संपतो.

आदेश संकेतस्थळावर खुले आहेत आणि त्यांत दोन्ही बाजूंचे युक्तिवाद सविस्तर नोंदलेले असतात, ही या सेवेची जमेची बाजू आहे. राजकारणात रस असणाऱ्याने वाहिन्यांवरील चर्चेपेक्षा मूळ आदेश वाचावा असे मी आवर्जून सांगेन. मात्र आदेश इंग्रजीत आहेत. ज्या कार्यकर्त्याचे आयुष्य त्या निकालाने बदलले, त्याला तो मराठीत अधिकृतपणे वाचता यायला हवा.

आमदारांची संख्या हाताशी असलेल्या गटाला ही सेवा उपयोगी पडते. संघटनेच्या बळावर दावा सांगणाऱ्या गटाला, आजच्या पद्धतीत, तिच्याकडून फारशी आशा ठेवता येणार नाही. साधा सदस्य तर या सुनावणीत केवळ शपथपत्रापुरता येतो. हे बदलायचे असेल तर प्रत्येक मान्यताप्राप्त पक्षाने अंतर्गत निवडणूक झाल्यावर पदाधिकारी आणि प्रतिनिधी यांची प्रमाणित यादी ठरावीक मुदतीत आयोगाकडे जमा करावी, पक्षघटनेतील बदल आयोगाने नोंदवल्याशिवाय अमलात येऊ नयेत, आणि पुढे वाद उद्भवल्यास हीच यादी मोजणीचा आधार धरावी. १९७१ मध्ये जी दुहेरी मोजणी झाली तिला याहून वेगळे काही लागले नव्हते.