लोकल रेडिएटर, एक पावसाळा आणि एक उन्हाळा वापरून: घ्या, पण झाकणाचं आधी वाचा

गेल्या आठवड्यात शेजारच्यांना सर्व्हिस सेंटरने सांगितलं, रेडिएटर, वॉटर पंप, होज पाइप सगळं बदलावं लागेल, आणि माझं डोकंच फिरलं, कारण मागच्या वर्षी हेच्या हेच मलाही ऐकवलं होतं. म्हणून आज बसून सगळं लिहून काढतोय.

गाडी २०१२ची डिझेल हॅचबॅक. कराड-चिपळूण जाणंयेणं कायमचं, म्हणजे कुंभार्ली घाट आलाच. आधी रेडिएटरला जोडलेल्या बाटलीतलं कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) हळूहळू कमी व्हायला लागलं, मग पार्किंगमध्ये पुढच्या बाजूला डाग दिसायला लागले. एसीचं पाणी बिनवासाचं, स्वच्छ असतं, हे बोटाला चिकट लागत होतं आणि हिरवट होतं, त्यामुळे शंका राहिली नाही. सर्व्हिस सेंटरवाल्यांनी बॉनेट उघडलं, टॉर्च मारला आणि थेट कोटेशन हातात दिलं. प्रेशर टेस्ट केली का विचारलं तर "सर त्याची गरज नाही." मला याचाच राग आहे. हातपंप रेडिएटरच्या कॅपच्या, म्हणजे झाकणाच्या जागी बसवायचा, कॅपवर लिहिलेल्या प्रेशरइतकी हवा भरायची, दहा-पंधरा मिनिटं पंपाचा काटा खाली येतो का, म्हणजे कुठे गळती आहे का बघायचं, संपलं. गाडी थंड असताना करायचं काम आहे, कुणाला भाजायची भीती नाही, आणि तेवढंही न करता लोकांना हजारोंचा खर्च सांगतात.

शेवटी स्टँडजवळच्या रेडिएटरवाल्या चाचांकडे गेलो. त्यांनी पंप मारला, काटा खाली यायला लागला, मग आरसा खाली धरून दाखवलं, "भाऊ, हे बघा." वरची प्लॅस्टिकची टाकी अ‍ॅल्युमिनियमच्या जाळीला जिथं दाबून बसवलेली असते त्या कडेला पांढरट-हिरवी खपली साठली होती आणि तिच्याखालून एकेक थेंब फुटत होता. आतलं रबर कडक झालं की तिथनंच गळतं. वॉटर पंप खराब झाला की ज्या भोकातून ठिबकतो ते भोक कोरडं, होज चांगले. म्हणजे कोटेशनमधल्या निम्म्याहून जास्त वस्तूंची गरजच नव्हती.

जुने तांब्या-पितळेचे रेडिएटर असायचे तेव्हा गळतीवर डाग (सोल्डर) मारून मिळायचा, आता टाकी प्लॅस्टिकची, तिला डाग कसा मारणार. वरून एमसील लावून काही दिवस निघतात, पण गरम-थंड होऊन ते सुटतंच. हळद टाकायचा सल्ला मला दोघांनी दिला. कृपा करून टाकू नका, गळती थांबेल न थांबेल, हीटरच्या बारीक नळ्या मात्र चोंदतात. माझी जाळी पण खालून सडत आली होती म्हणून अख्खा रेडिएटरच बदलला, ओरिजिनलच्या जवळपास निम्म्या किमतीत लोकल मिळाला. फॅनची भोकं बरोबर जुळली. ड्रेन प्लगचा वायसर हलका आहे, बाकी फिनिशिंगला नावं ठेवायला जागा नाही.

आता खरी गोष्ट. पावसाळाभर एकदम मस्त चालला आणि थंडी संपता संपता घाट चढून आलं की इंजिनच्या तापमानाचा काटा अर्ध्याच्या वर जायला लागला. खाली एक थेंब नाही. बाटली काठोकाठ भरलेली आणि सकाळी थंड गाडीची कॅप उघडली तर रेडिएटर वरनं रिकामा! वरचा होज पाइप तर दोन बोटांनी दाबल्यासारखा चपटा झालेला. मी तेव्हा या रेडिएटरला सगळीकडे दोन स्टार देऊन मोकळा झालो होतो.

पण दोष झाकणाचा निघाला. खोक्यात जी कॅप आली होती तीच बसवली होती, तिच्यावर ०.९ लिहिलेलं, माझ्या जुन्या कॅपवर १.१. हा आकडा म्हणजे किती प्रेशरपर्यंत झाकण धरून ठेवणार ते. साधं पाणी उघड्यावर १०० डिग्रीला उकळतं, १.१ बारचं प्रेशर दिलं की तेच १२०च्या पुढं जातं, घाटात हे वरचे डिग्रीच कामाला येतात. आणि कॅपच्या पोटात मधोमध अजून एक छोटा व्हॉल्व असतो, गाडी थंड झाली की तो उघडून बाटलीत गेलेलं कूलंट परत आत ओढतो. चाचांनी तो नखाने ओढून दाखवला, हललाच नाही. म्हणजे गरम झालं की कूलंट बाहेर जायचं, थंड झालं तरी आत यायचं नाही, आत व्हॅक्यूम, म्हणून होज चपटा. अडीच-तीनशे रुपयांच्या वस्तूपायी मी चांगल्या रेडिएटरवर चिडलो होतो, म्हणून आता दोनचे चार स्टार केलेत.

१.१ची कॅप लावली, आतलं बोअरचं पाणी मिसळलेलं जुनं कूलंट काढून टाकून डिस्टिल्ड वॉटरमध्ये निम्मं निम्मं कूलंट भरलं, हीटर फुल गरमवर ठेवून आत अडकलेली हवा काढली. मे महिन्यात भर दुपारी पोफळीहून चार माणसं आणि सामान घेऊन एसी चालू ठेवून चढलो, काटा अर्ध्यावरनं हलला नाही. जे कूलंट काढलं ते डब्यात भरून झाकण लावून ठेवलंय, ते चवीला गोड असतं आणि विषारी, गल्लीतली कुत्री-मांजरं चाटतात.

कुणी घेणार असेल तर जरूर घ्या, फक्त खोक्यातली कॅप बसवू देऊ नका, जुन्या कॅपवरचा आकडा बघून त्याच आकड्याची चांगली कॅप वेगळी विकत घ्या आणि बसवायच्या आधी मधला व्हॉल्व स्वतः ओढून बघा. ड्रेन प्लगचा वायसर पण तिथंच बदलून घ्या, माझा दिवाळीत कूलंट बदलताना होईल.