सेंट लुइस, मिसुरी: गुडघे दुखणाऱ्या बाबांना घेऊन जायचं असेल तर (पाचपैकी चार तारे)

आमच्या तालुक्याच्या ठिकाणी विमानाची तिकिटं काढून देणारे जे आहेत, ते अमेरिका म्हटलं की डोळे झाकून न्यूयॉर्क, नायगारा आणि लास व्हेगास सांगतात. मी सेंट लुइस म्हटल्यावर त्यांनी मला स्पेलिंग विचारलं, मग म्हणाले, "मॅडम, तिथं पाहण्यासारखं काय आहे?" हे त्याचंच उत्तर समजा. ज्यांची मुलं-भावंडं न्यूयॉर्कला नाही तर अमेरिकेच्या मधल्या भागात शिकायला आहेत आणि ज्यांना म्हाताऱ्या आई-बापाला घेऊन तिथं जायचं आहे, त्यांच्या कामी येईल.

आधी आमचा हिशोब सांगते, म्हणजे तुम्हाला तुमचा लावता येईल. सेंट लुइसला शिकणाऱ्या माझ्या धाकट्या भावाचा पदवीदान समारंभ मे महिन्यात होता. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, त्यामुळे मे महिना सोयीचा. बाबा सत्तरी ओलांडलेले, हिंगणघाटकडे पाच एकर कपाशी-तूर, दोन्ही गुडघे झिजलेले, गळ्यात माळ म्हणजे अंडंसुद्धा चालत नाही. इंग्रजी बियाण्याच्या पाकिटावर असतं तेवढंच. धाकटा शेवटच्या कामात बुडालेला, म्हणून सगळं ठरवणं माझ्याकडे आलं. सरकारी नोकरीत असाल तर परदेशवारीच्या परवानगीचा अर्ज सगळ्यात आधी टाका, बाकीचं नंतर.

व्हिसाबद्दल थोडक्यात. पर्यटक व्हिसाची फी आमच्या वेळी माणशी १८५ डॉलर होती, फॉर्म ऑनलाइन भरायचा, मग मुंबईला एकदा बोटांचे ठसे आणि फोटो, आणि वकिलातीत मुलाखत. वर्ध्याहून सेवाग्राम एक्सप्रेसनं गेलो. बाबांनी हिंदीत उत्तरं दिली. अधिकाऱ्यानं विचारलं, शेत कोण बघणार? बाबा म्हणाले, "पेरणीच्या आत वापस येतो ना साहेब." मला वाटतं कागदांच्या गठ्ठ्यापेक्षा हेच कामी आलं. वापस येण्याचं खरं कारण ज्याच्याकडे आहे त्यानं ते सरळ सांगावं.

आम्ही नागपूरहून दोहामार्गे शिकागोला गेलो. मुंबई-दिल्लीच्या विमानतळावर धावाधाव नको म्हणून. तिकीट काढतानाच व्हीलचेअर मागून ठेवा, त्याचे पैसे पडत नाहीत. या सेवेला मी पाचपैकी पाच देते. बाबा नागपूरला बसायलाच तयार नव्हते. "मी का लंगडा हाय? गावात लोकं काय म्हणतील?" गावातलं तिथं कोणी नव्हतं, तरी. दोहाला विमान बदलताना जे चालावं लागलं असतं ते त्यांनी काचेतून पाहिलं आणि मुकाट बसले. शिकागोला इमिग्रेशनची रांग एवढी होती की आपल्या गाडगेबाबांच्या यात्रेत दिसते तशी, आणि खुर्चीवाल्यांना बाजूनं नेलं. सोबतच्या एका माणसालाही जाऊ देतात. खुर्ची ढकलणाऱ्याला दोन-चार डॉलर द्यायची तिथली रीत आहे, सुट्टे जवळ ठेवा.

सामानात बियाणं नेऊ नका. बाबांनी अंबाडी आणि वालाच्या बिया रुमालात बांधल्या होत्या, धाकट्याच्या गॅलरीत लावायला. ते मी घरीच काढून ठेवलं, कारण कागदपत्राशिवाय बी, ताजी फळं, भाजी आत नेऊ देत नाहीत. तिखट, तुरीची डाळ, कुरड्या, सांडगे नेले आणि फॉर्मवर, तोंडानं, दोन्हीकडे खाण्याचं सामान आहे म्हणून सांगितलं. सांगितलं की त्रास होत नाही.

शिकागोहून सेंट लुइसला विमान तासाभराचं आहे. तरी मी म्हणेन, शिकागोत एक रात्र काढा आणि ॲमट्रॅकच्या रेल्वेनं जा. साधारण पाच तास लागतात, पासष्टच्या वरच्या माणसाला तिकिटात दहा टक्के सूट आहे, आणि शिकागोच्या युनियन स्टेशनवर लाल टोपीवाले हमाल म्हाताऱ्यांना गाडीपर्यंत पोहोचवून देतात. ही गाडी मध्ये ताशी १७७ किलोमीटरपर्यंत पळते, पण बाबांना वेगाचं काही नव्हतं. त्यांचं तोंड खिडकीला चिकटलेलं. जॉलिएट सुटल्यावर जमीन जी सपाट होते ती होतच जाते. काळीभोर माती, मका नुकताच वर आलेला, आणि सोयाबीन. सोयाबीन पाहून बाबा उठूनच उभे राहिले. मग बसले आणि धुरे शोधू लागले. धुरे नाहीत. नाली नाही, बांध नाही, झाड नाही. "पाणी जाते कुठी मग?" हा प्रश्न त्यांनी स्प्रिंगफील्डपर्यंत मला विचारला. धाकट्यानं नंतर सांगितलं, जमिनीखाली छिद्रांचे पाइप पुरलेले आहेत, दीडशे वर्षांपासून दलदल अशीच काढून शेती केली इथल्या लोकांनी. बाबांना ते पटलं, पण धुरा नसलेल्या शेतात भांडण कशावरून करत असतील, हे काही त्यांना कळलं नाही.

स्टेशन येण्याआधी गाडी मिसिसिपी ओलांडते. खिडकी उघडत नाही, त्यामुळे नाणं टाकता येत नाही. बाबांनी हात जोडले.

आता शहर. खरं सांगायचं तर चालत फिरायचं हे शहर नाही. विमानतळापासून शहराच्या मधोमध मेट्रोलिंक नावाची लोकल गाडी आहे, तिच्यानं फॉरेस्ट पार्क या मोठ्या बागेलाही जाता येतं, पण बाकी ठिकाणी मोटारच हवी. संध्याकाळी ऑफिसं सुटली की मधलं शहर ओस पडतं, आपल्याकडे बाजार उठल्यावर जेवढी माणसं उरतात तेवढीही नसतात. एक तारा मी इथंच कापला. म्हाताऱ्या माणसाला ओट्यावर बसून माणसं पाहायची सवय असते, ते इथं मिळत नाही.

चार तारे का दिले, तर फॉरेस्ट पार्कमुळे. सुमारे १,३०० एकर. तिथं एकरातच मोजतात, त्यामुळे बाबांना आकडा लगेच लागला आणि ते हादरले. आमच्या गावाचं सगळं शिवार धरलं तरी एवढं भरेल की नाही, याचा हिशोब त्यांनी तिथल्या बाकावर बसूनच केला. १९०४ चा जागतिक मेळा याच जागेवर भरला होता. आज त्यात प्राणिसंग्रहालय, कला संग्रहालय, इतिहासाचं संग्रहालय आहे, आणि तिन्ही ठिकाणी प्रवेश फुकट. फुकट म्हणजे आपण पैसे देत नाही एवढंच. शहर आणि शेजारच्या सेंट लुइस काउंटीतले (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं) लोक घरपट्टीसारख्या करातून हा खर्च भरतात, हा कर १९७१ पासून आहे. हे ऐकल्यावर बाबांनी पार्कात झाडलोट करणाऱ्या माणसाला उगाचच रामराम केला.

फुकट असण्याचा खरा फायदा म्हाताऱ्यांना होतो. वीस-पंचवीस डॉलर भरून आत गेलो की पैसे वसूल करायला आपण त्यांना ओढत फिरवतो. इथं तासभर पाहिलं, गुडघा बोलला, घरी आलो, दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. वेळेचा फरक साडेदहा तासांचा, बाबा पहाटे तीनला उठून बसायचे, त्यामुळे सगळं सकाळी पाहायचं आणि दुपारी झोपायचं असाच बेत ठेवला. प्राणिसंग्रहालयात चढ-उतार आहेत, तिथली छोटी आगगाडी तिकीट काढून घ्या. व्हीलचेअर अशा मोठ्या ठिकाणी मिळते, कुठे फुकट, कुठे भाड्यानं. गाडी लावायचे मात्र पैसे लागतात. वाघाच्या पिंजऱ्याशी बाबा थांबले नाहीत. "वाघ पाह्याले अमेरिकेत कायले याव? बोरचा निघते ना आपल्या तुरीत." (बोर म्हणजे आमच्या वर्धा जिल्ह्यातला व्याघ्र प्रकल्प.) हत्तीपाशी मात्र बराच वेळ बसले.

आर्चबद्दल सगळे विचारतात. गेटवे आर्च म्हणजे मिसिसिपीच्या काठावरची १९२ मीटर उंच स्टीलची कमान, १९६५ मध्ये बांधून झाली, उंची तेवढीच रुंदी. खालून पाहायला झकास आहे, आणि खाली जमिनीच्या पोटात जे संग्रहालय आहे तेही चांगलं आणि फुकट. वर जाण्याचं तिकीट मात्र गुडघेवाल्यांसाठी घेऊ नका. वर नेणारा डबा म्हणजे कणगीत पाच माणसं समोरासमोर बसवावीत तसा, दार एवढं बुटकं की वाकून शिरावं लागतं. चार मिनिटांत वर नेतो. पण नव्वदच्या वर पायऱ्या तुकड्यातुकड्यानं चढाव्याच लागतात, व्हीलचेअर वर जात नाही, वर शौचालय नाही, आणि खिडक्या अशा की पोटावर रेलून खाली पाहायचं. खाली एक नमुन्याचा डबा ठेवला आहे, तिकीट काढण्याआधी त्यात बसून बघता येतं. बाबा बसले, दोन्ही गुडघे समोरच्या भिंतीला लागले, आणि बाहेर येऊन म्हणाले, "तू जाऊन ये, मी भाऊसोबत बसतो." मी जाऊन आले. एका बाजूला नदी, एका बाजूला शहर, दहा मिनिटांत पाहून होतं.

मिसुरी बोटॅनिकल गार्डनला पैसे लागतात आणि ते द्यावेत. १८५९ पासूनची बाग, ७९ एकर, फिरवायला बसकी गाडी आहे. १९६० मध्ये बांधलेला काचेचा मोठा घुमट आहे, त्याच्या आत उष्ण प्रदेशाची झाडं. बाहेर गार वारा, आत शिरलं की आपला श्रावण. केळी पाहून बाबांना गावी आल्यासारखं झालं. पानांवर कीड आहे का ते पालटून पाहू लागले, तेव्हा तिथल्या बाईनं हसून मान हलवली. हात लावायचा नसतो.

एक ठिकाण कुठल्याच यादीत नव्हतं, ते बाबांच्या हट्टानं पाहिलं. शहराच्या पश्चिमेला क्रीव्ह कोर नावाचं उपनगर आहे. १९०१ मध्ये सेंट लुइसमध्येच सुरू झालेल्या मोन्सँटो या बियाणंवाल्या कंपनीचं मुख्य ऑफिस तिथं होतं, २०१८ मध्ये ती कंपनी बायरनं घेतली. भारतात तिच्या बीटी कपाशीला २००२ मध्ये परवानगी मिळाली, आणि तेव्हापासून हे नाव आमच्या घरात माहीत आहे. बाहेरून पाहायला तिथं काही नाही. गवत, झाडं, ऑफिसच्या इमारती. बाबा गाडीतून बघत राहिले आणि म्हणाले, "कापसाचं एक बोंड नाही दिसत कुठी." तुम्हाला शेतीत रस नसेल तर इथं जायचं कारण नाही. असेल तरी गाडीतूनच पुरतं.

नदीपलीकडे इलिनॉयमध्ये कहोकियाची मातीची टेकाडं आहेत, १९८२ पासून जागतिक वारशात. हजार वर्षांपूर्वी इथं मोठं नगर होतं. सगळ्यात मोठं टेकाड तीस मीटर उंच, ते खालूनच पाहिलं. रामटेकजवळच्या मनसरचं जुनं टेकाड पाहिलेल्या माणसाला हे लगेच समजतं.

खाण्याचं: सेंट लुइसचं फ्रोझन कस्टर्ड प्रसिद्ध आहे, टेड ड्रूजच्या दुकानासमोर रांग असते, कप उलटा करून दाखवतात तरी पडत नाही. पण कस्टर्डात अंड्याचा बलक असतो. माळकऱ्यांना आइस्क्रीम समजून देऊ नका. आमचं जेवण घरीच व्हायचं. बॉलविन या उपनगरात मोठं हिंदू मंदिर आहे, गाडीनं जावं लागतं, तिथं बाबांना दोन-चार बोलणारी माणसं भेटली.

राहायची जागा बघताना लोक खोल्या आणि भाडं बघतात. तुम्ही न्हाणीघराचा फोटो मागा. जुन्या लाल विटांच्या घरांमध्ये आंघोळ टबात उभं राहून करायची असते, आणि त्या टबाची भिंत ओलांडणं हे गुडघ्याला आर्चपेक्षा अवघड. सरळ चालत शिरता येईल असं न्हाणीघर हवं, दाराशी पायऱ्या किती तेही विचारा. लोटा सोबत न्या, हे सांगायला नको.

मे महिन्यात हवा छान असते, आपल्याकडे पंचेचाळीस-शेहेचाळीस असताना तिथं स्वेटर लागतो कधी कधी. पण टोर्नेडोचा, म्हणजे घरं पाडणाऱ्या वावटळींचा, काळही तोच. वादळाचे भोंगे लागतात, तेव्हा तळघरात जायचं. महिन्याच्या पहिल्या सोमवारी सकाळी ११ ला त्याच भोंग्यांची चाचणी असते, म्हाताऱ्यांना आधी सांगून ठेवा. सूर्य आठनंतर मावळतो. हरिपाठाची वेळ कोणती धरायची यावर आमच्याकडे रोज चर्चा व्हायची, शेवटी बाबांनी घड्याळ सोडून उजेडावर ठरवलं आणि जेवण रात्री नऊला होऊ लागलं.

एक राहून गेलं. मिसुरीच्या अगदी दक्षिणेला, बूटहील म्हणतात त्या कोपऱ्यात, कापूस पिकतो. सेंट लुइसहून गाडीनं तीन तासांच्या आसपास. निघायच्या तोंडावर धाकट्याच्या मित्रानं हे सांगितलं, आणि परतीच्या विमानात बाबा तेवढंच बोलत होते. तिथला वेचा ऑक्टोबर-नोव्हेंबरात असतो, मशीननं. व्हिसा दहा वर्षांचा मिळाला आहे. ऑक्टोबरात मला शाळा असते, हे त्यांना माहीत आहे, म्हणून हल्ली ते मला न विचारता परस्पर धाकट्यालाच फोन लावतात.