घरासाठी पाककृतींचं ॲप: पॅप्रिका, एनीलिस्ट की मीली?

स्वयंपाक एकच जण करत असेल तर कुठलंही ॲप चालतं. खरं तर वहीसुद्धा चालते. प्रश्न येतो तो घर दोघं-तिघं मिळून चालवतात तेव्हा. एक जण ओट्यापाशी, दुसरा दुकानात, आणि दोघांच्या फोनवर वेगवेगळी यादी.

वेबसाइटवरून पाककृती किती छान उचलली जाते, यावर मात्र ॲप निवडू नका. स्कीमा डॉट ऑर्ग हा उपक्रम २०११ मध्ये सुरू झाला. त्याच्या पद्धतीने बहुतेक मोठ्या साइट्स पानाच्या पोटात जिन्नस, प्रमाण, वेळ अशा खुणा करून ठेवतात. ॲप त्याच वाचतं, त्यामुळे इथे तिघांत फारसा फरक पडत नाही. आणि वहीतल्या पाककृती? त्या निवडीच्या वेळी कुणाला आठवत नाहीत, पण ॲपमध्ये भरताना वेळ खातात त्याच.

ओट्यापाशी माझं मत पॅप्रिकाला. पाककृती उघडी असेपर्यंत स्क्रीन विझत नाही, हात पिठाने माखलेले असताना हे किती मोलाचं आहे ते करणाऱ्यालाच कळतं. घातलेल्या जिन्नसावर टिचकी मारली की तो खोडला जातो. मध्येच फोन आला तरी मीठ घातलं की नाही हा घोळ होत नाही. सगळं फोनवरच साठवलेलं असल्याने नेट नसलं तरी अडत नाही. पैसे एकदाच भरायचे, पण फोन आणि संगणकासाठी वेगवेगळे, हे आधीच हिशेबात धरा. घरातल्या सगळ्यांना एकच संग्रह हवा असेल तर एकच खातं वापरावं लागतं. म्हणजे एकाने पाककृती उडवली की सगळ्यांचीच गेली.

एनीलिस्ट मुळात यादीचं ॲप आहे, पाककृती नंतरच्या. घरात भांडण "काय करायचं" यापेक्षा "काय आणायचं" यावर होत असेल तर हेच घ्या. प्रत्येकाचं खातं वेगळं आणि यादी सामायिक. दुकानात एकाने खूण केली की दुसऱ्याच्या फोनवर लगेच दिसते. एवढं फुकटात मिळतं. आठवड्याचं नियोजन, संगणकावरून वापर वगैरे हवं असेल तर वार्षिक वर्गणी, त्यात घरासाठीची वेगळी योजनाही आहे.

मीली मुक्तस्रोत आहे आणि आपल्याच सर्व्हरवर, म्हणजे कायम चालू राहणाऱ्या आपल्या संगणकावर, बसवावं लागतं. सर्व्हरवर ॲप बसवायला वापरतात त्या डॉकरचं नाव ऐकून घरात कुणाचे डोळे चमकत नसतील तर पुढचा परिच्छेद गाठा. चमकत असतील तर तसंच आपल्या सर्व्हरवर बसवायचं टॅन्डूर हे ॲपही बघा. बऱ्याच ॲपांत प्रमाण दुप्पट केलं की जिन्नसांची यादी बदलते, पण कृतीत "अर्धा कप दूध घाला" हे वाक्य तसंच राहतं, आणि डोळा नेमका तिथेच असतो. टॅन्डूरमध्ये कृतीच्या मजकुरात जिन्नस जोडता येतो, मग तिथलाही आकडा बदलतो. जोडायची मेहनत अर्थात आपलीच. आणि सर्व्हर सांभाळणारा माणूस गावाला गेला असताना तो बंद पडला, तर त्या दिवशीचा स्वयंपाक आठवणीतून करायचा.

व्हर्लपूलसारख्या कंपनीच्या मालकीचं यमली हे पाककृतींचं ॲपसुद्धा डिसेंबर २०२४ मध्ये बंद झालं. म्हणून पहिल्याच दिवशी चार पाककृती टाका आणि लगेच निर्यात करून, म्हणजे फाइलमध्ये बाहेर काढून बघा. पॅप्रिकाची निर्यात केलेली फाइल मीली आणि टॅन्डूर दोन्ही वाचतात. म्हणून सर्व्हरचा नाद नसलेल्या घराला मी आधी पॅप्रिकाच सुचवेन. सामानाची यादी एनीलिस्टवर ठेवून दोन्ही वापरणारीही घरं असतात, पण तेव्हा जिन्नस एकीकडून दुसरीकडे कोण लिहिणार ते आधी ठरवून घ्या.